जुन्या ट्रॅक्टरचं तेल नेमकं कुठून येतं?

वाशीम जिल्ह्यातल्या मंगरुळपीर तालुक्यातलं आसेगाव हे सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याच्या पट्ट्यातलं गाव. या पट्ट्यात नांगरटीपासून मळणीपर्यंतची बहुतेक जड कामं आता ट्रॅक्टरवर येऊन पडली आहेत आणि नव्या ट्रॅक्टरची किंमत झेपत नाही म्हणून अनेक घरांत येतो तो कुणीतरी वापरलेला, दुसऱ्या-तिसऱ्या हाताचा ट्रॅक्टर. त्याच्याबरोबर एक तक्रारही येते. रात्री उभा केला की सकाळी इंजिनाखाली काळा डाग. त्यावरचे दोन उपाय ठरलेले आहेत. एक तर दुर्लक्ष करायचं आणि अधूनमधून वरून तेल ओतत राहायचं, नाहीतर ‘सील गेलं असेल’ म्हणून सील बदलून घ्यायचं. पहिल्या उपायात तेलाचे पैसे जातात, दुसऱ्यात तेलाचेही आणि मजुरीचेही, कारण सील बदलूनही महिन्याभरात डाग पुन्हा दिसू लागतो. मग दोष मेकॅनिकवर, सीलच्या डुप्लिकेटपणावर किंवा ट्रॅक्टरच्या कंपनीवर ढकलला जातो. माझ्या मते दोष बहुतेक वेळा या तिघांपैकी कुणाचाच नसतो. तेल कुठून येतं आणि का येतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पाना हातात घेण्याआधी दोन्हींची उत्तरं शोधायला जो अर्धा दिवस लागतो तो आपण कुणालाच देत नाही.

पहिला प्रश्न ‘कुठून’चा. कौलारू घरात पाणी ज्या जागी टपकतं त्याच्या बरोबर वरचं कौल फुटलेलं असतंच असं नाही. पाणी वाशावरून घरंगळत भलतीकडे येतं. इंजिनावरचं तेलही तसंच प्रवास करतं. ते सर्वांत वरच्या टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून निघालं तरी ब्लॉकच्या कडेकडेने उतरतं, तळाच्या तेलाच्या चेंबरच्या कडेला जमतं आणि तिथून टपकतं. पाहणाऱ्याला वाटतं चेंबरचं पॅकिंग गेलं. त्यात ट्रॅक्टरचा पंखा भर घालतो. पंखा रेडिएटरमधून हवा ओढून मागे इंजिनावर फेकतो, त्यामुळे पुढच्या क्रँक सीलमधून किंवा टायमिंग कव्हरमधून निघालेलं तेल वाऱ्याबरोबर मागे पसरत थेट क्लच हाउसिंगपर्यंत पोहोचतं. मग मागच्या सीलवर आरोप येतो, आणि तेच सील बदलणं सर्वांत महाग पडतं. या सगळ्यावर काळ्या मातीची धूळ आणि सोयाबीनचं कुटार चिकटून एवढा जाड थर बसलेला असतो की इंजिनाचा मूळ रंगही दिसत नाही. अशा इंजिनाकडे बघून गळतीची जागा सांगणारा माणूस कितीही अनुभवी असला तरी तो अंदाजच सांगत असतो.

त्याही आधी एक गोष्ट तपासायला हवी: खाली पडलेलं तेल इंजिनाचंच आहे का? ट्रॅक्टरमध्ये इंजिन, गिअरबॉक्स, मागचा एक्सल आणि हायड्रॉलिक अशी तेलाची कोठारं एकमेकांना खेटून असतात, आणि डिझेल वेगळंच. डिझेल इंजिनाचं तेल काजळीमुळे थोड्याच तासांत काळं पडतं. गिअर आणि हायड्रॉलिकचं तेल बराच काळ मधाच्या रंगाचं राहतं आणि गिअर तेलाला पुष्कळदा गंधकाचा उग्र वास असतो. डिझेल पातळ, वासाने लगेच ओळखू येणारं, आणि जिथून वाहतं तिथली घाण धुऊन काढणारं. इंजिनाखाली पांढरा पुठ्ठा ठेवून रात्रभराचे थेंब पकडले तर सकाळी उजेडात रंग आणि वास दोन्ही कळतात, शिवाय ट्रॅक्टरच्या कोणत्या भागाखाली थेंब पडले तेही कळतं. क्लच हाउसिंगच्या तळाला एक छोटं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. ते बुजू नये म्हणून बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये त्यात सैल कॉटर पिन अडकवलेली दिसते. हे भोक साक्षीदाराचं काम करतं: तिथून काळं तेल आलं तर संशय क्रँकच्या मागच्या सीलवर, मधाच्या रंगाचं आलं तर गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या सीलवर. दोन्ही दुरुस्त्यांसाठी ट्रॅक्टर उघडावा लागतो, पण भाग वेगळे आणि खर्चही वेगळा. चिखलाने ते भोक बुजलेलं असेल तर तेल आतच साठतं, क्लच प्लेट भिजते आणि क्लच घसरू लागतो. काही जण गळती ‘बंद’ करायला त्या भोकात खुंटी ठोकतात. त्याने डाग थांबतो आणि क्लच मरतो.

शोधाची सुरुवात धुण्यापासून होते, आणि हीच पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. इंजिन गार असताना ब्रश आणि डिझेलने वरून खाली घासून, पुसून, हवा मारून पूर्ण कोरडं करायचं. वॉशिंग सेंटरचा जोरदार पाण्याचा फवारा यासाठी टाळलेला बरा, कारण ते पाणी ब्रीदरमध्ये, डायनामोत आणि वायरिंगमध्ये शिरतं. कोरड्या इंजिनावर संशयाच्या सांध्यांभोवती साधी टाल्कम पावडर किंवा खडूची पूड भुरभुरली तर पहिला पाझर त्यावर काळी रेघ काढतो. तेलात मिसळायचा एक चमकणारा रंगही बाजारात मिळतो. जांभळ्या दिव्याखाली तो हिरवा-पिवळा उजळतो आणि अगदी बारीक गळतीही दाखवतो. मग इंजिन सुरू करून, गरम होऊ देऊन, भाराखाली चालवून, टॉर्चने वरून खाली आणि पुढून मागे बघत जायचं. ओल जिथे सर्वांत वर आणि सर्वांत पुढे आहे ती खरी जागा, बाकीचं सगळं तिचं वाहणं. गळती केव्हा होते हेही खूप सांगून जातं. इंजिन चालू असतानाच वेगाने तेल येत असेल तर ते दाबाच्या मार्गातून येतंय: तेलाच्या फिल्टरची रबरी रिंग, ऑइल प्रेशरचा स्विच, गेजची नळी, बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर. इथं तेल काही किलोच्या दाबाने फिरतं, त्यामुळे केसाएवढी फटही पुरते. उलट, दिवसभर कोरडं आणि रात्रभर उभं राहिल्यावर डाग, असं असेल तर तेलाच्या पातळीखालचे सांधे बघायचे: चेंबरचं पॅकिंग, ड्रेन प्लग, त्याचे खराब झालेले आटे. फिल्टर बदलताना जुनी रबरी रिंग ब्लॉकलाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली, तर काहीशे रुपयांच्या त्या कामातून मोठ्या सीलच्या गळतीसारखा देखावा उभा राहतो. अशा स्वस्त जागा आधी तपासल्या तर पुष्कळ इंजिनं उघडावी लागणार नाहीत.

आता दुसरा प्रश्न, ‘का’चा. सील आणि पॅकिंग यांचं काम तेल अडवण्याचं आहे, पण ती एका मर्यादेपर्यंतच अडवू शकतात. डिझेल इंजिनात हवा साधारण 16 ते 18 पट दाबली जाते, त्यात डिझेल पेटतं, आणि त्या प्रचंड दाबाचा थोडासा वायू नव्या इंजिनातही रिंगांच्या कडेने खाली क्रँकच्या कप्प्यात निसटतो. त्याला बाहेर जायला वाट म्हणून ब्रीदर दिलेला असतो. रिंगा, पिस्टन आणि लायनर झिजले की निसटणारा वायू वाढतो. आपले मेकॅनिक त्यालाच ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. ब्रीदरला तो झेपेनासा झाला, किंवा ब्रीदरच घाणीने तुंबला, की आतला दाब जिथे वाट मिळेल तिथून तेल बाहेर ढकलतो. सर्वांत दुबळी जागा आधी हार मानते. ती बहुतेक एखादं जुनं सील असतं, म्हणून सीलवर ठपका येतो. ते बदललं की दाब पुढची दुबळी जागा शोधतो. आधी मागचं सील, मग टॅपेट कव्हर, मग तेलाच्या काडीची नळी. सील बदलूनही गळती थांबत नाही, किंवा एका जागी थांबून दुसरीकडे सुरू होते, याचा सर्वांत सरळ अर्थ हा आहे. आणि या पट्ट्यात त्यामागचं कारण बहुधा धूळ असते. मे महिन्यातली वखरणी आणि ऑक्टोबरमधली मळणी या दोन्ही वेळी ट्रॅक्टर तासन्‌तास धुळीच्या ढगात उभा किंवा चालत असतो. जुन्या ट्रॅक्टरमधला तेलाचा एअर क्लीनर अशा दिवसांत रोज उघडून बघायला हवा. त्यातलं तेल चिखल झालं की तो धूळ अडवत नाही. क्लीनरपासून इंजिनापर्यंतच्या रबरी होजला चीर असेल किंवा क्लिप सैल असेल तर धूळ गाळलीच जात नाही, सरळ सिलिंडरमध्ये जाते आणि तेलात मिसळून रिंगा-लायनरला पॉलिश पेपरसारखं घासत राहते. म्हणजे मागच्या सीलमधून पडणाऱ्या थेंबाचं मूळ इंजिनाच्या दुसऱ्या टोकाला, एअर क्लीनरच्या सैल क्लिपमध्ये असू शकतं. होज काढून आतून बोट फिरवलं आणि बोटाला धूळ लागली, तर नवं सील आणण्याआधी बराच विचार करायला हवा.

हे सगळं तपासायला महागडी यंत्रं लागतात असं नाही. गरम इंजिन मंद वेगावर चालू ठेवून तेल भरायच्या तोंडाचं झाकण सोडवायचं आणि उलटं करून तिथेच सैल ठेवायचं. थोडी फुसफुस आणि हलकी वाफ साधी गोष्ट आहे. पण झाकण उडू लागलं, ठोके द्यावेत तसा धूर येऊ लागला, तर बॅक कॉम्प्रेशनचा संशय पक्का होत जातो. दुसरी चाचणी ब्रीदरची: त्याची नळी काढून, आतली जाळी डिझेलने धुऊन, मोकळी करून ट्रॅक्टर एक दिवस चालवायचा. गळती लक्षात येण्याइतकी कमी झाली तर दोषी तुंबलेला ब्रीदर होता आणि दुरुस्ती जवळजवळ फुकटात झाली. ज्यांना अंदाजाऐवजी माप हवं त्यांच्यासाठी गवंड्याची पारदर्शक लेव्हलची नळी पुरते. तिला इंग्रजी यू अक्षरासारखा बाक देऊन, निम्मं पाणी भरून, एक टोक तेलाच्या काडीच्या नळीवर घट्ट बसवायचं आणि दुसरं उघडं ठेवायचं. इंजिनाचा वेग वाढवत दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक मोजायचा. किती फरक चालतो हे इंजिनागणिक बदलतं आणि ते कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघावं लागतं, पण ब्रीदर साफ करण्याआधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी शेजारी ठेवला तरी पुष्कळ कळतं. साफ ब्रीदर असूनही पाणी नळीतून बाहेर फेकलं जात असेल तर पुढची पायरी कॉम्प्रेशन तपासण्याची, आणि त्यातून रिंगा-लायनरचं काम निघालं तर सीलचा विचार त्याच्याबरोबर करायचा, त्याआधी नाही. हवेच्या कॉम्प्रेसरने इंजिनात दाब भरून साबणाच्या फेसाने गळती शोधण्याची पद्धतही आहे. ती करताना दाब अगदी हलका ठेवावा लागतो, नाहीतर धडधाकट सीलही उलटतं.

समजा सगळी तपासणी होऊन मागचं सील खरंच दोषी ठरलं. मग ते नीट बदलणं हेही विचाराचं काम आहे. बहुतेक ट्रॅक्टरना ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते; इंजिन, क्लच हाउसिंग आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात आणि तोच ट्रॅक्टरचा कणा असतो. मागच्या सीलपर्यंत पोहोचायला ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत वेगळा करावा लागतो, मग क्लच, मग फ्लायव्हील, तेव्हा कुठे सील दिसतं. सीलची किंमत या मजुरीपुढे किरकोळ आहे, म्हणून एवढं उघडल्यावर नुसतं सील ठोकून परत जोडणं हा आतबट्ट्याचा व्यवहार होतो. जुन्या सीलच्या रबरी ओठाने क्रँकवर बारीक खाच पाडलेली असते. नखाने चाचपली तर लागते. नवं सील त्याच खाचेवर बसवलं तर ते पहिल्या दिवसापासून गळणार. जिथे जागा असेल तिथे ते किंचित पुढे-मागे बसवतात, किंवा क्रँकवर पातळ स्टीलची बाही चढवतात. क्रँक वर-खाली हलतोय का हेही याच वेळी बघायचं, कारण मेन बेअरिंग झिजलं असेल तर फिरणारा शाफ्ट डोलतो आणि जगातलं उत्तम सीलही डोलणाऱ्या शाफ्टवर टिकत नाही. आणखी एक कारण वापरलेल्या यंत्रांना खास लागू आहे: सील वापराने जेवढं झिजतं तेवढंच उभं राहूनही खराब होतं. महिनोन्‌महिने बंद पडलेल्या इंजिनात रबर सुकतं, कडक होतं आणि पहिल्या हंगामातच तडकतं. ‘फार चाललेला नाही’ हे वाक्य म्हणून ट्रॅक्टरच्या बाजूने साक्ष देतंच असं नाही.

हाच प्रश्न पाण्यावर किती अवघड होतो ते बघितलं की शोधाचं महत्त्व आणखी स्पष्ट होतं. वेगवान मोटरबोटींमध्ये इंजिन जेव्हा बोटीच्या पोटात बसवलेलं असतं तेव्हा त्याच्या खाली जमीनच नसते, बंद तळ असतो. गळलेलं तेल तळाशी साचलेल्या पाण्यावर पसरतं आणि पंपाबरोबर समुद्रात जातं. डाग कुठे पडला हा पहिला पुरावाच नाहीसा होतो. वापरलेली अशी बोट घेणाऱ्याला तळातल्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो आणि संशय लगेच मागच्या सीलवर जातो. प्रत्यक्षात तिथे ट्रॅक्टरला नसलेली कारणंही असतात: खाऱ्या पाण्यात सतत भिजून चेंबरच्या पत्र्याला गंजाने पडलेलं टाचणीएवढं भोक, दूर बसवलेल्या फिल्टरकडे जाणाऱ्या तेलाच्या होजचे जुने सांधे, किंवा समुद्राच्या पाण्याने थंड होणाऱ्या ऑइल कूलरची आतून कुजलेली नळी. शिवाय अशा बोटीचं इंजिन बराच काळ जवळजवळ पूर्ण ताकदीवर चालतं, त्यामुळे क्रँकच्या कप्प्यातला दाब धक्क्यावर उभ्या इंजिनात दिसत नाही, तो वेगात असतानाच दिसतो. तिथलेही जाणते कारागीर तेच करतात जे आसेगावच्या गोठ्याशेजारी करता येतं: तळ कोरडा करणं, इंजिन धुणं, रंग घालणं, दाब मोजणं, आणि त्यानंतरच इंजिन बाहेर काढायचं की नाही ते ठरवणं. मोठ्या जहाजांना तर आंतरराष्ट्रीय नियमाने समुद्रात सोडायच्या तळपाण्यात दहा लाख भागांत 15 भागांपेक्षा जास्त तेल चालत नाही. आपल्या वावरात आणि विहिरीच्या काठाला असा मोजणारा कुणी नसतो, पण वापरलेलं इंजिन तेल आपल्याकडेही 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यातच मोडतं.

यावर पहिला आक्षेप असा येतो की जुनं इंजिन थोडं पाझरणारच, त्याच्यामागे एवढं लागायचं कशाला? त्यात तथ्य आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. सांध्याभोवती चिकट ओल असणं आणि थेंब पडणं यांत फरक आहे. नुसती ओल असेल, पातळी काडीवर टिकून असेल, तर ट्रॅक्टर दोन भागांत उघडण्याचा खर्च मुळीच करू नये. पण थेंबाचा हिशेब एकदा करून बघावा. दर पाच सेकंदांना एक थेंब म्हणजे तासाला 720 थेंब. एका मिलीलिटरला 20 ते 30 थेंब धरले तर तासाला 24 ते 36 मिलीलिटर. तेल बदलायचा काळ 250 तासांचा असेल तर तेवढ्यात 6 ते 9 लिटर तेल मातीत गेलं, म्हणजे अनेक ट्रॅक्टरच्या चेंबरमध्ये मावतं तेवढं सगळंच. मळणीच्या धावपळीत काडी बघायची राहिली आणि पातळी खाली गेली, तर बेअरिंग आणि क्रँक जळण्याचा खर्च सीलच्या कितीतरी पट होतो. भाराखाली चालणाऱ्या इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कित्येक शे अंशांपर्यंत तापतो. त्याच्या शेजारी तेलाने भिजलेलं कोरडं कुटार साठलेलं असणं हा तर उघड आगीचा धोका आहे. पातळी वाढत असेल तर आणखी सावध व्हायला हवं: चेंबरमध्ये डिझेल किंवा रेडिएटरचं पाणी उतरतंय असा त्याचा अर्थ, आणि पातळ झालेलं तेल गळतंही लवकर. ‘थोडं गळतंय’ असं म्हणण्याआधी किती गळतंय आणि काय गळतंय हे माहीत असायला हवं.

दुसरा आक्षेप दुकानातून येतो: जाडं तेल घाला, किंवा गळती थांबवायचं औषध घाला. औषधाने रबर काही काळ फुगतं आणि सुकलेल्या सीलची गळती खरंच कमी होऊ शकते. हंगामाचे पंधरा दिवस काढायला कुणी ते वापरलं तर त्याला नाव ठेवता येणार नाही. पण फाटलेलं पॅकिंग, खाच पडलेला क्रँक, तुंबलेला ब्रीदर यांतलं काहीच त्याने सुधारत नाही. कंपनीने सांगितल्यापेक्षा जाडं तेल थंडीत पहाटे सुरू केलेल्या इंजिनात वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचतं आणि नेमक्या त्याच मिनिटांत झीज होते. गळणाऱ्या इंजिनाला आतून आणखी झिजवून बाहेरची गळती कमी करणं, हा सौदा मला कुठल्याच बाजूने पटत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. हंगाम उभा असतो, सोयाबीन काढून ठेवलेलं असतं, वर ढग येतात. अशा वेळी धुवा, पावडर टाका, दिवसभर चालवून बघा हे सांगणं म्हणजे शेतकऱ्याच्या अडचणीची जाणीव नसणं. त्यापेक्षा सगळी पॅकिंग किट एकदाच बदलली की प्रश्न मिटला. वेळेची अडचण खरी आहे. पण सगळी पॅकिंग बदलायलाही वेळ लागतो, आणि दाबाचा दोष तसाच राहिला तर नवं पॅकिंग नव्या जागी गळतं. मग तोच ट्रॅक्टर त्याच हंगामात दुसऱ्यांदा बंद राहतो. शिवाय घाईत चढवलेल्या पॅकिंगवर सिलिकॉनचा जाड थर देण्याची सवय धोक्याची आहे. आत निसटलेले सिलिकॉनचे तुकडे चेंबरमधल्या ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. झाकण उलटं ठेवून बघायला पाच मिनिटं लागतात, ब्रीदर धुवायला अर्धा तास. एवढी तपासणी ऐन हंगामातही बसते. बाकीचा खोल शोध हंगाम संपल्यावर घ्यावा, आणि तोवर काडी रोज बघावी.

खरेदीच्या वेळी तर हा शोध आणखी गरजेचा आहे, कारण तिथे धुतलेल्या इंजिनाचा अर्थ उलटा होतो. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरच्या मॉडेलची ठरलेल्या पद्धतीने चाचणी होते, तिचे अहवाल असतात. पण दहा वर्षं तीन मालकांकडे चाललेल्या एका ठरावीक ट्रॅक्टरची अशी चाचणी कुणी करत नाही. ती घेणाऱ्यानेच करायची असते. विक्रेत्याने चकाचक धुऊन, चेंबरला काळा रंग देऊन ठेवलेला ट्रॅक्टर बघायला बरा वाटतो, पण त्याने पुरावाच पुसलेला असतो. धुळीचा जुना थर निदान तेल कुठे आहे आणि कुठे नाही हे तरी सांगतो. म्हणून सौदा ठरवण्याआधी ट्रॅक्टर न धुता दाखवायला सांगावं, पहिल्यांदा सुरू करताना इंजिन गार असल्याची खात्री हात लावून करावी, आणि धुतलेलाच असेल तर नांगराला किंवा थ्रेशरला लावून तासभर भाराखाली चालवून मग खाली वाकून बघावं. क्लच हाउसिंगचं भोक उघडं आहे का, ब्रीदर मोकळा आहे का, होजच्या आत धूळ आहे का, झाकण उडतंय का: या चार गोष्टींवर भाव कमी-जास्त करणं दोघांनाही न्याय्य ठरेल. फक्त फिल्टरच्या रिंगेतून गळणारा ट्रॅक्टर डागामुळे स्वस्त पडत असेल तर तो खुशाल घ्यावा; कोरडा दिसणारा पण झाकण उडवणारा ट्रॅक्टर स्वस्तातही महाग आहे.

राहिला प्रश्न शोधणाऱ्याच्या मजुरीचा. आपल्याकडे मेकॅनिकला पैसे मिळतात ते उघडण्याचे आणि बदलण्याचे. त्याने दोन तास धुऊन, बघून ‘तुझं सील चांगलं आहे, वीस रुपयांचा वॉशर बदल’ असं सांगितलं तर त्याला वीस रुपयांच्या वॉशरची मजुरी मिळते, आणि तेच दोन तास त्याने ट्रॅक्टर फोडायला घातले असते तर हजारो मिळाले असते. अशा हिशेबात घाईने सील बदलणारा मेकॅनिक आपणच घडवतो. निदानाची वेगळी मजुरी आधी ठरवून द्यावी, काही बदलावं लागो वा न लागो. आणि धुतल्यानंतरचे, पावडरवरच्या रेघेचे, नळीतल्या पाण्याच्या आकड्याचे फोटो मोबाइलवर ठेवावेत, म्हणजे पुढच्या मेकॅनिकला किंवा पुढच्या मालकाला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. हरभरा निघाल्यावर आणि नांगरटी सुरू होण्याआधी मार्च-एप्रिलमध्ये जे थोडे मोकळे दिवस मिळतात, त्या दिवसांत मेकॅनिकच्या हाताशीही वेळ असतो आणि ट्रॅक्टर दोन भागांत उघडावा लागलाच तरी पेरणीच्या आत जोडून होतो.